स्टीमवर गेम दिसतो, पण कुणी उघडत नाही: माझा अनुभव

स्टीम म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथल्या माझ्या गेमच्या ट्रॅफिक रिपोर्टमध्ये इम्प्रेशन (गेम किती वेळा लोकांना दिसला) भरपूर, व्हिजिट (गेमचं पान किती वेळा उघडलं) मात्र नावापुरत्या. टॅग बदलले, ट्रेलर पुन्हा कापला, फरक शून्य. दोन महिने जीव मेटाकुटीला आला होता.

दोष निघाला छोट्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे दुकानाच्या याद्यांत दिसणाऱ्या गेमच्या छोट्या चित्रात. 462×174 चं चित्र काही याद्यांत 120×45 पिक्सेलपर्यंत आकसतं. माझ्या चित्रातला अख्खा वाडा त्यात तपकिरी डाग झाला होता.

आधी चित्र 120×45 करून पाहिलं. मग वाडा काढला, कंदील धरलेला एकच हात ठेवला, मागे गडद निळा. नाव जाड अक्षरांत, जवळजवळ पूर्ण रुंदीभर. पुन्हा त्याच मापात तपासलं. नाव वाचता आलं तेव्हाच अपलोड केलं. शेवटी छोटं वर्णन. 'एका प्राचीन वाड्याची गूढ कथा' काढून लिहिलं: 'कंदिलातलं तेल संपायच्या आत वाड्याबाहेर पडा.'

व्हिजिट पुढच्याच आठवड्यात वाढल्या.