६ ऑगस्टला शाळेत हिरोशिमावर बोलायचंय? तयारी अशी करा

जुलै संपत आला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, "सर हिरोशिमा दिनासाठी काही असेल तर पाठवा ना", आणि मग कोणीतरी तोच ढगाचा फोटो, त्याच्या बाजूला आइन्स्टाइन, खाली "युद्ध नको शांती हवी" असं चिकटवून मोकळं होतं. पहिलं काम म्हणजे त्यातला आइन्स्टाइन काढा. २ ऑगस्ट १९३९ ची तारीख असलेल्या पत्रावर त्याची सही होती, जर्मनी अणुबॉम्ब बनवू शकते असं त्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना कळवलं होतं, पण बॉम्ब बनवायच्या कामात त्याला घेतलंच नव्हतं. बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपेनहायमर याने चाचणीचा स्फोट बघून जोरात गीतेचा श्लोक म्हटला हा फॉरवर्ड पण सोडा. तेव्हा तो श्लोक मनात आला असं त्याने खूप नंतर, १९६५ मध्ये टीव्हीवर सांगितलं.

आता मांडणी. वर्गात एक दोरी बांधा, कपडे वाळवायचे चिमटे घ्या आणि एकेक तारीख कार्डावर लिहून लटकवत जा. पावसाळ्यात चार्टपेपर दमट होऊन गुंडाळी होतात, म्हणून जाड पुठ्ठा बरा. सुरुवात डिसेंबर १९३८ पासून, बर्लिनमध्ये हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमचा अणू फुटतो हे दिसलं, त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि फ्रिश यांनी लावला. मग १९४२ चा मॅनहॅटन प्रकल्प, म्हणजे अमेरिकेचं बॉम्ब बनवायचं काम, लष्कराकडून जनरल ग्रोव्हज, लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत ओपेनहायमर. हे पाच मिनिटांत उरका. पोट्ट्यांना नावं लक्षात राहत नाहीत आणि खरी गोष्ट पुढेच आहे.

मे १९४५ चं कार्ड मात्र चुकवू नका, कारण तेव्हा जर्मनी शरण आली होती. ज्या भीतीने हे काम सुरू झालं ती भीतीच संपली, तरी काम थांबलं नाही. इथे दोन मिनिटं थांबा, मुलं स्वतःच विचारतात "मग काऊन टाकला?"

पुढची कार्डं जवळजवळ लावा. १६ जुलैला पहाटे अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची ट्रिनिटी चाचणी, २६ जुलैला जपानला शरण या असा पॉट्सडॅमचा इशारा, ६ ऑगस्टला सकाळी ८:१५ ला हिरोशिमा, ८ ला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, ९ ला पहाटेपासून रशियन फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात आणि त्याच दिवशी ११:०२ ला नागासाकी, १५ ला जपानच्या सम्राटाचं रेडिओवर शरणागतीचं भाषण. ही दोरी नीट लागली की अर्धं भाषण झालंच समजा, कारण जपान नेमकं कशाने झुकलं यावर इतिहासकारांचं अजून भांडण आहे आणि ते भांडण याच तारखांमध्ये दिसतं. १५ ऑगस्टच्या भाषणात सम्राट नव्या क्रूर बॉम्बचा उल्लेख करतो, आणि १७ ऑगस्टला सैनिकांना दिलेल्या आदेशात बॉम्बचं नावच नाही, तिथे रशियाचं कारण. दोन्ही कार्डं शेजारी लावा आणि निकाल मुलांवर सोडा. अमेरिकेची बाजू पण सांगा, जपानवर उतरायची योजना नोव्हेंबरची होती आणि त्यात आपले किती सैनिक मरतील हा त्यांचा हिशोब होता.

दोन बॉम्बची खिचडी करू नका. हिरोशिमाचा युरेनियमचा, आधी कधी चाचणी न झालेला, ताकद साधारण १५ किलोटन, म्हणजे १५ हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी. नागासाकीचा प्लुटोनियमचा, ट्रिनिटीसारखा, साधारण २१ किलोटन. हुशार पोट्टं विचारणारच की मोठ्या बॉम्बने माणसं कमी कशी मेली, १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात अंदाजे १,४०,००० आणि नागासाकीत ७०,००० च्या वर. उत्तर डोंगरात आहे. विमान खरं तर कोकुराला निघालं होतं, तिथे खालचं दिसेना म्हणून नागासाकीला वळलं, बॉम्ब उराकामीच्या दरीत फुटला आणि मधल्या टेकड्यांनी बाकीचं शहर काही प्रमाणात वाचलं.

आकडे पोहोचत नाहीत, नकाशा पोहोचतो. नागपूरचा छापील नकाशा घ्या, कंपासचं टोक झिरो माईलवर ठेवा आणि २ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, हिरोशिमात साधारण तेवढ्या भागात जवळपास सगळं पडलं आणि जळलं. विधानभवन, सीताबर्डी, महाराजबाग, रेल्वे स्टेशन, सगळं आत येतं, दीक्षाभूमी बाहेर राहते. हा प्रयोग आठवीच्या खाली करू नका. लहान मुलं घरी जाऊन आईला विचारतात आपल्यावर कधी पडणार, आणि दुसऱ्या दिवशी पालक ऑफिसात उभे. लहानांना सादाको सासाकीची गोष्ट पुरते, ती दोन वर्षांची असताना हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचली, पुढे ब्लड कॅन्सर झाला आणि १९५५ मध्ये गेली.

मोठ्यांना अजून एक सांगा. त्या सकाळी हिरोशिमात आधी भोंगा वाजला आणि मग धोका टळल्याचा इशारा झाला, म्हणून लोक आपापल्या कामाला लागले. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळी जागा करायचं काम चाललं होतं, त्यावर बारा-तेरा वर्षांचे हजारो विद्यार्थी लावले होते, उघड्यावर. त्यातले बहुतेक गेले. हे सातवी-आठवीचं वय आहे हे तुम्ही वेगळं बोलू नका, समोर बसलेल्यांना कळतं.

शेवटी प्रश्नांना दहा मिनिटं ठेवाच. "तिथे आता कोणी राहतं का?" हा येतोच. राहतात की, दहा लाखांच्या वर वस्ती आहे, आणि ट्राम तर ९ ऑगस्टलाच थोड्या रस्त्यावर परत सुरू झाली होती. बॉम्ब जमिनीपासून साधारण ६०० मीटर वर फुटला, म्हणून अणुभट्टीचा अपघात झालेल्या चेर्नोबिलसारखी माती वर्षानुवर्षं विषारी राहिली नाही. किरणोत्सारी काजळीचा काळा पाऊस मात्र पडला होता, आणि वाचलेल्यांना पुढे कित्येक वर्षं आजार भोगावे लागले. त्यांच्याच निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, ते कार्ड दोरीच्या अगदी टोकाला लावा.