प्रोटोबफमध्ये काढलेल्या फील्डचा नंबर पुन्हा वापरू नका

प्रोटोबफ म्हणजे डेटा आटोपशीर बायनरी संदेशात बांधण्याची पद्धत. जीआरपीसीसाठी (प्रोग्रॅम एकमेकांना नेटवर्कवरून कॉल करतात ती यंत्रणा) प्रोटो फाइल, म्हणजे संदेशात कोणती फील्ड असतील याची व्याख्या, लिहिताना फील्डच्या नावापेक्षा नंबर महत्त्वाचा, कारण बायनरी संदेशात नाव जातच नाही. जातो तो नंबर आणि वायर टाइप (पुढची किंमत कशी वाचायची हे सांगणारा छोटा कोड). समजा ५ नंबरवर 'सवलत टक्के' हे इंट३२ फील्ड होतं. ते काढून तिथेच 'शिल्लक नग' बसवलं, की अपडेट न झालेला क्लायंट ४० नग शिल्लक पाहून खुशाल ४० टक्के सवलत दाखवेल. दोन्हींचा वायर टाइप एकच, त्यामुळे एरर येत नाही. हीच खरी गोम.

म्हणून फील्ड काढताना त्याच मेसेजमध्ये 'रिझर्व्ह्ड' लिहून नंबर अडवून ठेवा. नावही अडवा, पण वेगळ्या ओळीत. कारण जेसन या मजकुरी स्वरूपात नंबराऐवजी नावच जातं. नंतर कुणी तो नंबर घेतला तर प्रोटोसी (प्रोटोबफचा कंपायलर) कंपाइलच करत नाही. कमेंट लिहून भागत नाही, ती कोण वाचतो!

१ ते १५ नंबरांचा टॅग (नंबर आणि वायर टाइप मिळून) एका बाइटात मावतो, १६ पासून किमान दोन लागतात. तेव्हा १ ते १५ हे नंबर सतत भरल्या जाणाऱ्या फील्डसाठी राखा. १९००० ते १९९९९ मात्र प्रोटोबफने स्वतःकडे ठेवलेत.