परिषदेच्या गुन्हे छाननी समितीला प्रश्न कसा विचारावा

इंग्लंडमधील आपल्या वस्तीत किशोरवयीन गुन्हेगारी वाढल्याची चिंता असेल, तर २००६ च्या पोलीस व न्याय कायद्यानुसार स्थानिक परिषदेने नेमलेल्या आणि वर्षातून किमान एकदा भरणाऱ्या छाननी समितीकडे (पोलीस व इतर संस्थांच्या गुन्हेगारीविरोधी कामाची तपासणी करणारी समिती) जावे. आधी कार्यक्रमपत्रिका वाचून प्रश्न मुदतीत लेखी पाठवावा. प्रश्न एखाद्या मुलाविषयी नव्हे, कामाविषयी असावा: ‘चौकात टोळकी जमतात’ या तक्रारीपेक्षा ‘संध्याकाळचे युवा केंद्र बंद झाल्यावर पोलीस, प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर देखरेख ठेवणारी सेवा), आरोग्य व शिक्षण यांच्या संयुक्त युवा गुन्हे पथकाने काय केले?’ असे विचारल्यास उडवाउडवी करणे अवघड जाते. समिती पोलिसांना आदेश देऊ शकत नाही (ही अपेक्षा ठेवूच नये), पण तिच्या शिफारशींना संबंधितांनी लेखी उत्तर देणे अपेक्षित असते. ते आले का, हे पुढील बैठकीत विचारावे.