पुदिना-कोथिंबीर पुन्हा पुन्हा खुडताय? या चुका टाळा

सोलापुरात गच्चीवर पुदिना लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक सारखीच असते. पहिल्या दोन खुडण्यांना पान रसरशीत, मग नुसत्या काड्या लांबतात आणि पान बारीक होत जातं. लोक खत वाढवतात. माझ्या मते खतापेक्षा आधी खुडण्याची पद्धत तपासावी.

नवी फूट येते ती उरलेल्या पानांच्या आणि मुळांतल्या साठ्याच्या जोरावर. पाहुणे आले म्हणून अख्खी कुंडी ओरबाडली की हा जोरच संपतो. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका आणि नवी पानं पूर्ण मोठी होईपर्यंत थांबा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याहूनही कमी घ्या, तेही सकाळी लवकर.

पुदिन्याचं एकेक पान तोडणं ही दुसरी चूक. शेंडा तसाच राहिला की काडी उंच जाते, बाजूला फुटत नाही. पानांची जोडी असते त्या पेराच्या किंचित वर कापा, पेरातले दोन्ही डोळे फुटतात. तुरे दिसले की लगेच खुडा. तुरे धरल्यावर पान कमी येतं आणि चवही उतरते.

कोथिंबिरीला मात्र हा नियम लावू नका! तिची फूट मधल्या गाभ्यातून येते. म्हणून बाहेरची मोठी पानं देठासकट घ्यायची, गाभा राखायचा. उन्हात ती लवकर फुलावर येते, पानं शेपूसारखी बारीक होतात. मग कितीही खुडलं तरी पहिलं पान परत येत नाही. तिचे धने होऊ द्या आणि दर पंधरा दिवसांनी सावलीतल्या कुंडीत थोडे धने रगडून पेरत राहा.

मेथी उपटू नका. जमिनीपासून दोन बोटं वर कापली तर आणखी एक-दोन कापण्या मिळतात.

कापणीनंतर मूठभर गांडूळखत पुरतं. युरियाचा मारा केला तर पान मोठं, हिरवंगार दिसतं, पण वास फिका पडतो, आणि चटणीत ते लगेच कळतं.

एवढं करूनही पुदिना सुधारला नाही, तर कुंडी उलटी करून बघा. मुळं गच्च झाली असतील, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला गड्डा फोडून कडेचे ताजे धावते फुटवे, म्हणजे मातीलगत आडव्या पसरणाऱ्या काड्या, नव्या मातीत लावा.