मानेची नस दबलीय? मग या चुका टाळा

पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आधी एमआरआयचा लिफाफा माझ्या टेबलावर येतो. "मॅडम, सी ५-६ ची, म्हणजे पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली, गादी सरकलीय, नस दबलीय." मी लिफाफा बाजूला सारते आणि विचारते, मुंग्या नेमक्या कुठल्या बोटाला येतात? यावर बहुतेक जण आपल्याच हाताकडे पहिल्यांदा बघितल्यासारखे बघतात. तीन महिने दुखतंय, दोन डॉक्टर झालेत, पण बोटं कुणी विचारलेली नसतात.

चुकांमधली सगळ्यात मोठी चूक हीच. उपचार रिपोर्टवर होतात, माणसावर नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली गादी फुगलेली निघाली, आणि ही माणसं ठणठणीत होती. म्हणजे चाळिशीनंतरच्या रिपोर्टात 'बल्ज', म्हणजे फुगवटा, हा शब्द दिसला तर दचकायचं कारण नाही. तो बल्ज आणि तुमच्या हाताची तक्रार यांचा मेळ बसतो का, एवढाच प्रश्न आहे.

मेळ बसवायला बोटं लागतात. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. अंगठा आणि तर्जनी बधिर असेल तर संशय सहाव्या नसेवर, मधलं बोट असेल तर सातव्या, करंगळी असेल तर आठव्या. सातवी सगळ्यात जास्त दबते. तिच्यात दोष असला की दार ढकलताना, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठताना हात कमी पडतो. अर्थात हा नकाशा काटेकोर नसतो, माणसागणिक थोडा सरकतो. पण रिपोर्टात पाचवी-सहावी पातळी आणि मुंग्या फक्त करंगळीला, असं असेल तर कोपरापाशी आधी बघा. तिथेही एक नस दबते.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. एक बाई आल्या होत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर, रिपोर्टात दोन ठिकाणी गादी फुगलेली. दुसऱ्या दवाखान्यात त्यांच्या मानेला तीन महिने ट्रॅक्शन, म्हणजे मान ओढून धरायचा उपचार, लावून झालं होतं. मीही निमूटपणे आणखी तीन आठवडे तेच पुढे चालवलं, कारण रिपोर्ट इतका छान जुळत होता. एकदा पर्स आवरता आवरता त्या सहज म्हणाल्या, "रात्री तीनला जाग येते हो, मग हात झटकते आणि झोपते." झालं! त्यांना मनगटं वाकवून धरायला सांगितलं, अर्ध्या मिनिटात बोटांना मुंग्या आल्या. दोष मनगटातल्या नसेचा होता. नसेतून संदेश किती नीट जातो हे बघणाऱ्या नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्येही तेच आलं. मनगट सरळ धरणारा स्प्लिंट रात्री लावला आणि काही आठवड्यांत झोप लागायला लागली. मानेची गादी आजही तशीच फुगलेली असणार.

तेव्हापासून माझे दोन प्रश्न ठरलेले आहेत. रात्री हात झटकून बरं वाटतं का? वाटत असेल तर मी आधी मनगट बघते. तळहात डोक्यावर ठेवला की कळ कमी होते का? होत असेल तर मान. कधी कधी दोन्ही असतात, तेव्हा मात्र घाई करणाऱ्याची फजिती ठरलेली.

त्रास सुरू झाल्यावर चौथ्याच दिवशी नसेची टेस्ट करून घेणारेही भेटतात. स्नायूत सुई घालून करतात त्या तपासणीत बदल दिसायला साधारण तीन आठवडे जावे लागतात. त्याआधीचा 'नॉर्मल' फारसा काही सांगत नाही.

आता माझा दुसरा राग: ताणणं. व्हिडिओ बघून लोक कान खांद्यापर्यंत ओढतात, वर हाताने दाबतात, कळ आली की "असर होतोय" म्हणतात. चिडलेली नस म्हणजे आखडलेला स्नायू नव्हे, ती ओढली की आणखी चिडते. माझी सवय साधी आहे. रोज सकाळी कागदावर लिहायचं, आज कळ कुठपर्यंत आली? बोटांपर्यंत, कोपरापर्यंत की खांद्यापर्यंत? व्यायामानंतर कळ वर, मानेकडे सरकली तर तो व्यायाम तुमचा, मग मान थोडी जास्त दुखली तरी चालेल. खाली उतरली तर तो बंद, मग तो कुणीही सांगितलेला असो. एक तरुण गृहस्थ पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून डोक्यावर वजन उचलायला गेले आणि सहाव्या दिवशी मान वाकडी करून माझ्यासमोर बसले. बहुतेकांचा त्रास ऑपरेशनशिवाय सहा ते बारा आठवड्यांत बराच उतरतो, गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच जिरवतं. पण हे आठवडे द्यायची तयारी लागते, आणि ती विकत मिळत नाही.

मान मोडून घेणं: नको. कटकन आवाज आला म्हणजे नस सुटली असं होत नाही. क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होतो. मानेचा पट्टा: सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ठीक, महिनोनमहिने नको. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं: कमतरता असेल तर घ्या, नसेवरचा दाब त्यांनी हलत नाही. आणि डावा हात दुखतोय, सोबत छातीवर दडपण आणि घाम असेल तर मान विसरा, थेट हॉस्पिटल गाठा.

शेवटची गोष्ट लोक स्वतःहून कधीच सांगत नाहीत, कारण ती दुखत नाही. बटण लागत नाही, अक्षर बिघडलंय, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहत नाही. हा एका नसेचा मामला नसतो, मज्जारज्जूच दाबला जात असू शकतो. यात ट्रॅक्शन, मसाज काही नको. त्याच आठवड्यात मणक्याच्या सर्जनला दाखवा, लघवीचं लक्षण असेल तर त्याच दिवशी. हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तरीही वाट बघू नका. मी प्रत्येकाला मूठ भराभर उघडझाप करायला लावते. दहा सेकंदांत वीस वेळा व्हायला हवी. मग शर्टाचं एक बटण काढून लावायला सांगते. मान दाखवायला आलेल्या माणसाला ते जरा चमत्कारिकच वाटतं.