अरुणोदय ते अरोरा: नागपूरहून पहाट टप्प्याटप्प्याने कशी बघावी

पहाट, उषःकाल, अरुणोदय, तांबडं फुटणं, उजाडणं हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले तरी काही बिघडत नाही. एकादशी ठरवायची असेल, आकाशाचं निरीक्षण करायचं असेल किंवा मोबाइलच्या फोटोत आलेली लाली 'अरोरा' आहे का हे तपासायचं असेल, तर मात्र बिघडतं. अरोरा हे मुळात रोमन उषादेवीचं नाव. ध्रुवीय प्रकाशाला ते सतराव्या शतकात चिकटलं. त्या प्रकाशाचा पहाटेशी बाकी काही संबंध नाही, पण फोटोतला गोंधळ तिथूनच सुरू होतो, म्हणून शेवटी तोही निस्तरू.

आधी नागपूरच्या सूर्योदयाची वेळ काढा. भिंतीवरच्या कॅलेंडरात मुंबईची वेळ छापलेली असेल तर तीच धरून चालू नका. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून जास्त पूर्वेला आहे, त्यामुळे इथे सूर्य डिसेंबरच्या अखेरीस सुमारे २१ मिनिटं, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे २५ मिनिटं आणि जूनमध्ये जवळपास २९ मिनिटं आधी उगवतो. ठोकताळा म्हणून लक्षात ठेवायचं तर २१ जूनला ५.३३, २१ मार्चच्या आसपास ६.१७, २१ डिसेंबरला ६.४७. सगळ्यात उशिराचा सूर्योदय मात्र डिसेंबरात नसून जानेवारीच्या मध्याला असतो, तेव्हा ६.५३ वाजतात. संक्रांतीनंतर लगेच 'दिवस लवकर उगवायला लागला' असं म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा, सहसा पटत नाही.

आता उलट मोजायचं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना प्रकाशाची पहिली चाहूल लागते, १२ अंशांवर क्षितिजाची रेघ ओळखू येते आणि ६ अंशांवर दिव्याशिवाय बाहेरची कामं करता येतात. नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१ अंश उत्तरेला, या तीन गोष्टी सूर्योदयाच्या अनुक्रमे ७४ ते ८५, ४८ ते ५४ आणि २२ ते २५ मिनिटं आधी घडतात. कमी आकडे विषुवदिनाचे, जास्त आकडे जूनचे. गंमत अशी की एक घटिका २४ मिनिटांची असते, त्यामुळे शेवटचा टप्पा एक घटिका, मधला दोन घटिका आणि पहिला तीन घटिकांहून थोडा जास्त असा हिशेब आपोआप बसतो. घड्याळाऐवजी घटिकांवर बसवलेली ही विभागणी इथल्या आकाशाला अंशांच्या कोष्टकापेक्षा सोपी जाते.

पंचांगातल्या शब्दांची खरी अडचण वेगळी आहे. अरुण हा सूर्याचा सारथी, म्हणून अरुणोदय हा सूर्योदयाच्या आधीचाच असतो. पण किती आधी? धर्मशास्त्रात बहुतेक ठिकाणी चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटं धरतात. दुसऱ्या एका प्रचलित श्लोकात आदल्या सूर्योदयापासून ५५ घटिका झाल्यावर उषःकाल, ५७ झाल्यावर अरुणोदय आणि ५८ झाल्यावर प्रातःकाल सांगितला आहे. दिवसरात्रीच्या ६० घटिकांतून वजा केलं की तो अरुणोदय फक्त तीन घटिकांचा, म्हणजे ७२ मिनिटांचा उरतो. भागवत एकादशीसाठी चार घटिकांचा नियम लावतात: सूर्योदयाआधीच्या त्या ९६ मिनिटांत दशमीचा स्पर्श असेल तर एकादशी दुसऱ्या दिवशी धरायची. आकाश बघायला जाताना हाच ९६ चा आकडा घेऊन गेलात तर सुरुवातीची ११ ते २२ मिनिटं पूर्वेला काहीच दिसणार नाही. ढगाला दोष देण्याआधी हे आठवा.

उभं कुठे राहायचं? पूर्वेसाठी शहर पाठीशी हवं, म्हणून उमरेड किंवा भंडारा रस्त्याच्या बाजूला जा. शहराच्या पश्चिमेला थांबलात तर पूर्वेचा पहिला प्रकाश शहराच्या उजेडातच बुडतो. अगदी गडद आकाश हवं असेल तर पेंच: महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री फिरायचं नाही. वाघांचं जंगल आहे, हे वेगळं सांगायला नको. आणि पूर्व म्हणजे नेमकी पूर्वही नव्हे. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेकडे. हात पूर्ण लांबवून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, तेव्हा अडीच मुठी सरकवून जागा ठरवा. नाहीतर ऐन वेळी समोर पाण्याची टाकी येते.

सगळ्यात जास्त लोक जे चुकवतात ते पूर्वेला नसतंच. सूर्योदयाच्या २० ते ५ मिनिटं आधी पाठ फिरवून पश्चिमेला बघा. क्षितिजालगत राखाडी-निळा पट्टा असतो, ती पृथ्वीची सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो: पूर्वेकडून आलेला लालसर प्रकाश तिथल्या हवेवरून आपल्याकडे परततो. सूर्य वर येतो तशी सावली खाली बुडते, गुलाबी पट्टाही उतरत फिका होतो. यासाठी शहराबाहेर जायचीही गरज नाही. अंबाझरी तलावाच्या पूर्व काठावरून पश्चिमेला पाण्यावर मोकळं आकाश मिळतं. पौर्णिमेच्या सुमारास मावळता चंद्र याच पट्ट्यात सापडतो. धुकं किंवा एप्रिल-मेची धूळ असेल तर पट्टा मळकट होतो, सावलीची कड तर दिसतच नाही. पावसाळा सरल्यावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

त्याच दिवसांत खोटी पहाटही दिसते. काकडआरतीला निघणाऱ्यांनी १५ ऑक्टोबरच्या आसपास, चंद्र नसताना, ४.१५ ते ४.५० या वेळात पूर्वेला बघावं (त्या दिवशी सूर्योदय ६.१० च्या सुमारास, पहिली चाहूल ४.५५ ला). क्षितिजावर रुंद आणि वर निमुळता होत गेलेला दुधी शंकू दिसला तर तो राशिचक्रीय प्रकाश, म्हणजे ग्रहांच्या कक्षेच्या पातळीत पसरलेल्या धुळीवरून परतलेलं सूर्याचं ऊन. उर्दूत याला सुबह-ए-काझिब म्हणतात आणि फज्रची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ त्यानंतरच्या सुबह-ए-सादिकपासून (खऱ्या पहाटेपासून) धरतात. फरक ओळखायची खूण आकारात आहे: खोटी पहाट उभी असते, खरी पहाट क्षितिजालगत आडवी पसरते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं द्या. मध्येच एकदा मोबाइल पाहिला की ती सवय मोडते. शहरातून हा शंकू दिसत नाही, तिथे प्रयत्न करू नका.

आता लाल फोटो. १० आणि ११ मे २०२४ च्या प्रचंड भूचुंबकीय वादळात (सूर्याकडून आलेल्या कणांच्या माऱ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात माजणारी खळबळ) लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर अरोराचा लाल प्रकाश टिपला. हानले नागपूरच्या साडेअकरा अंश उत्तरेला आहे. इतक्या दक्षिणेकडून लालच का दिसतो? ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर होतो आणि पृथ्वीच्या गोलाईमागे लपतो. लाल २०० किलोमीटरच्या वर होतो, त्याचा वरचा भाग डोकावतो. म्हणून नागपूरच्या फोटोत हिरवी झाक आली तर ती अरोरा नव्हे असं समजा.

लालीची तपासणी अशी: ट्रायपॉड, आयएसओ १६००, १५ सेकंद, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा दर फोटोत रंग बदलतो आणि तुलनाच होत नाही. उत्तरेचा एक आणि दक्षिणेचा एक फोटो घ्या, दोन्ही पाच मिनिटांनी पुन्हा. दोन्ही दिशा लाल असतील तर तो शहराचा उजेड. लाली नारिंगी असून ढगांच्या आकारानुसार बदलत असेल तर खालचे दिवे ढगावर पडलेत. शहरातून उत्तरेला तर कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांचा उजेड असतोच. मे-जूनमध्ये पहाटे साडेचारनंतर ईशान्येला आलेली लाली म्हणजे तांबडंच फुटत असतं. त्याच रात्री केपी निर्देशांक (भूचुंबकीय वादळाची तीव्रता सांगणारा ० ते ९ चा आकडा) ९ पर्यंत गेला नसेल तर पुढे शोधत बसू नका.

तरी 'नागपुरातून कधीच शक्य नाही' असंही लिहू नका. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात ध्रुवीय प्रकाश मुंबईतून दिसल्याची नोंद आहे, आणि मुंबई नागपूरच्याही दक्षिणेला आहे.