फोल्डिंग लावलं की पीसी बंद पडायचा, असा सुटला प्रॉब्लेम

आम्ही चार मित्रांनी टीम करून घरचे पीसी फोल्डिंग ॲट होमला लावलेत, २००० साली स्टॅनफर्डला सुरू झालेला प्रोजेक्ट, प्रोटीनची घडी कशी पडते त्याची गणितं आपल्या मशीनवर चालतात. पण मे महिन्यात माझा डबा रोज दुपारी धाडकन बंद, मला वाटलं पॉवर सप्लाय गेला. प्रोसेसरचं टेम्परेचर बघितलं तर ९७ अंश सेल्सिअस! झाकण उघडलं, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धुळीची अक्षरशः गोधडी, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. ब्रशने साफ केलं, नवी पेस्ट लावली आणि फोल्डिंगला प्रोसेसरच्या आठपैकी चारच थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) दिले. आता ७०-७२. केलेल्या कामाचे मिळणारे पॉइंट कमी पडतात म्हणून टीमवाले चिडवतात, चिडवू देत, वर्क युनिट (प्रोजेक्टकडून आलेला गणिताचा एक तुकडा) डेडलाइनच्या आत जातंय, आधी अर्ध्यातच लटकायचं.